इनिक्पीनंतरच्या मुली

नायजेरिया म्हटले की मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला प्रथम चिनुआ अचेबे आठवतात, मग वोले सोयिंका, आणि अलीकडच्या पिढीला चिमामांदा अदिची. म्हणजे दोन इग्बो आणि एक योरुबा. हौसा भाषकांविषयी आपण बातम्यांतून थोडेफार ऐकलेले असते. या तीन मोठ्या भाषांच्या छायेत त्या देशातल्या कित्येक भाषा आणि समाज आपल्या वाचनाच्या कक्षेत येतच नाहीत. इगाला हा असाच एक समाज. नायजर आणि बेन्वे या दोन महानद्या लोकोजा येथे एकमेकींस मिळतात. त्या संगमाच्या पूर्वेस व दक्षिणेस इगालांचा मुलूख आहे. नायजरकाठचे इदा ही त्यांची जुनी राजधानी. तेथील राजाला 'अट्टा' म्हणतात, आणि या शब्दाचा अर्थ 'पिता' असा आहे. १९९१ साली कोगी राज्य निर्माण झाले, तेव्हापासून हा मुलूख त्या राज्याचा पूर्व भाग आहे. इगाला भाषा योरुबेची जवळची नातलग आहे. मात्र इंग्रजीतून जगभर पोहोचलेल्या नायजेरियन साहित्यात तिचा आवाज क्वचितच ऐकू येतो.

या समाजातील शिकलेल्या, नोकरी-व्यवसायात स्थिरावलेल्या स्त्रिया आपल्या गावाकडच्या मुलींसाठी स्वयंसेवेने जे काम करतात, त्याविषयी येथे काही विचार मांडावयाचे आहेत. कामाचे स्वरूप वरवर पाहता साधे आहे. शाळेत जाऊन मुलींशी बोलायचे, परीक्षेचे अर्ज भरून द्यायचे, वह्यापुस्तकांची आणि फीची सोय पाहायची, पुढे काय शिकता येईल हे समजावून सांगायचे आणि गरज पडल्यास घरी जाऊन आईवडिलांचे मन वळवायचे. अशा कामाविषयी लिहिताना कौतुकाचे दोन शब्द लिहून मोकळे होण्याची रीत आहे. आम्हांला ती पुरेशी वाटत नाही. या कामाचे खरे मोल त्यागात नसून माहितीत आहे, आणि त्याची थोरवी त्यागाच्या भाषेत गाणे हे त्या मुलींच्या दृष्टीने हिताचे नाही, असे आमचे मत आहे. ते का, हे समजण्यासाठी आधी इगालांच्या स्मृतीतील तीन स्त्रियांकडे वळावे लागते.

पहिली इनिक्पी. परंपरा सांगते की ती अट्टा अयेग्बा याची लाडकी कन्या. राज्यावर युद्धाचे संकट आले. ते बेनिनकडून आले असे काही कथनांत आहे, तर जुकुनांकडून आले असे इतर कथनांत आहे. दैवज्ञांनी कौल दिला की राजकन्येचा बळी दिल्याखेरीज राज्य वाचणार नाही. पित्याला ते सांगवेना, तेव्हा मुलीने आपण होऊन मरण पत्करले आणि नायजरच्या काठी तिला जिवंत पुरण्यात आले. इदाच्या बाजारात नदीजवळ तिचा पुतळा उभा आहे. तिच्यावर नाटके झाली, आणि २०२० साली फ्रँक राजा आरासे यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपटही आला. कथेतला एक तपशील आम्हांला विशेष बोलका वाटतो. तिच्याबरोबर काही दासांनाही पुरले, असे परंपरा सांगते. पण त्यांची नावे कोणाच्याही ओठी नाहीत. बलिदानाच्या कथेतसुद्धा स्मरणात कोणी राहायचे आणि कोणी नाही, हे कुळावर ठरते.

दुसरी एबुलेजोनू. इगाला परंपरेतील ती एकमेव स्त्री-अट्टा. 'पिता' हे पद धारण करणारी स्त्री! पुढे गादी पुरुषांकडे गेली ती कायमची. तरीही अट्टाचे कान राज्यारोहणाच्या वेळी टोचले जातात ते तिच्या स्मरणार्थ, असे सांगितले जाते. म्हणजे तिची आठवण विधीत शिल्लक राहिली, अधिकारात राहिली नाही. ही गोष्ट केवळ इगालांपुरती आहे असे मानण्याचे कारण नाही. भूतकाळातील एका राणीला मखरात बसवले की वर्तमानातील मुलींच्या मागण्यांना उत्तर मिळाले असे समजण्याची सोय पुष्कळ समाजांना आवडते.

तिसरी स्त्री जन्माने इगाला नव्हती. अहेबी उग्बाबे ही शेजारच्या इग्बो मुलुखातील एनुगू-एझिके गावची. पित्याच्या अपराधाचे प्रायश्चित्त म्हणून तिला देवाला वाहायचे ठरले, तेव्हा ती कोवळ्या वयात पळून इगालांच्या मुलुखात आली. तेथे तिने देहविक्रय केला, व्यापार केला आणि भाषा शिकली. इगाला, नुपे आणि पिजिन इंग्रजी या भाषांच्या बळावर आणि अट्टाच्या पाठिंब्यावर ती गावी परतली. १९१८ साली ब्रिटिशांनी तिला वॉरंट चीफ नेमले. वसाहतकालीन नायजेरियात हे पद मिळवणारी ती एकटीच स्त्री होती. पुढे ती स्वतःला राजा म्हणवू लागली. मात्र पुरुषांचा राखीव अधिकार असलेला मुखवटा तिने स्वतःच्या नावे मिरवू पाहिला, तेव्हा समाजाने तिला तेथेच अडवले. १९४८ साली ती वारली. चिनुआ अचेबे यांच्या कन्या, इतिहासकार न्वांदो अचेबे यांनी २०११ साली तिच्यावर सबंध ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या अभ्यासक्रमांतून वडिलांना जागा मिळाली. कन्येलाही ती मिळावी अशी आमची शिफारस आहे.

या तिघींत आजच्या इगाला मुलीला सर्वांत जवळची कोण? पुतळा पहिलीचा आहे, विधी दुसरीचा आहे. आम्हांला वाटते, जवळची आहे ती तिसरी. बळी जाण्यास नकार देणारी, भाषा आणि व्यवहार शिकून परतणारी, आणि परतल्यावरही एका मर्यादेपाशी अडवली जाणारी. फरक इतकाच की अहेबीला वाट दाखवणारे कोणी नव्हते. पळून जाणे हाच तिच्यापुढे एक मार्ग होता. मुलीला घर सोडून पळावे न लागता दुसरा मार्ग दिसावा, एवढ्यासाठीच मार्गदर्शन करणाऱ्या स्त्रीची गरज असते.

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे येऊ. नायजेरियात प्राथमिक सहा वर्षे, कनिष्ठ माध्यमिक तीन वर्षे, वरिष्ठ माध्यमिक तीन वर्षे आणि नंतर विद्यापीठाची चार वर्षे अशी रचना १९८०च्या दशकापासून रुळली आहे. २००४च्या सार्वत्रिक मूलभूत शिक्षण कायद्याने पहिली नऊ वर्षे मोफत आणि सक्तीची केली. पुढची तीन वर्षे त्या केंद्रीय कायद्याच्या हमीबाहेर राहिली. नेमक्या याच वळणावर, मुलगी साधारण पंधरा वर्षांची असताना, घरात प्रश्न उभा राहतो: हिला पुढे पाठवायचे की हिच्या भावाला? आणि पाठवायचे ठरलेच, तर त्याच वेळी विषयही निवडायचे असतात. विज्ञान, कला की वाणिज्य? निवड करताना शाळेत प्रयोगशाळा आहे की नाही, रसायनशास्त्राला शिक्षक आहे की नाही, मैत्रिणी कोठे जात आहेत, यांवर गोष्टी ठरतात. मुलीला पुढे काय व्हायचे आहे, हा प्रश्न सर्वांत शेवटी येतो. पुष्कळदा येतही नाही.

त्या निवडीचे परिणाम तीन वर्षांनी कळतात. विद्यापीठात प्रवेश हवा असेल तर शालान्त परीक्षेत इंग्रजीसह पाच विषयांत 'क्रेडिट' श्रेणी लागते. शिवाय 'जॅम्ब' या केंद्रीय मंडळाची प्रवेश परीक्षा असते. तीत चार विषय असतात. इंग्रजी सर्वांना सक्तीचे आणि उरलेले तीन इच्छित अभ्यासक्रमानुसार. वैद्यकशास्त्राला जीवशास्त्र, भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र हवे. परिचारिका-पदवीलाही हाच संच लागतो. कायद्याच्या शिक्षणासाठी बहुतेक ठिकाणी इंग्रजी साहित्याचा विषय घेतलेला असावा लागतो. ज्या मुलीने पंधराव्या वर्षी, कोणी सांगितले नाही म्हणून, भौतिकशास्त्र सोडले, तिला अठराव्या वर्षी परिचारिका होता येत नाही. तिची बुद्धी कमी पडलेली नसते आणि श्रमही कमी पडलेले नसतात. तिला फक्त एक वाक्य वेळेवर कोणी सांगितलेले नसते. त्यातच २०१५ पासून ही परीक्षा पूर्णपणे संगणकावर घेतली जाते. जिच्या शाळेत वीज नियमित नाही, तिला परीक्षेच्या दिवशी प्रश्नाआधी माउसशी झगडावे लागते.

म्हणून आम्ही म्हणतो की या कामाचे मोल माहितीत आहे. शाळेत येणारी पाहुणी 'मोठी स्वप्ने पाहा' असे सांगून गेली तर मुलींना तासभर बरे वाटेल. 'तुला दाई किंवा परिचारिका व्हायचे असेल तर भौतिकशास्त्र सोडू नकोस. अर्ज वर्षाच्या सुरुवातीला निघतात. तुझ्या जन्मदाखल्यावरचे आणि शाळेतले नाव एकच आहे ना, ते आजच पाहा' असे सांगणारी स्त्री त्या मुलीचे आयुष्य बदलू शकते. साहित्याच्या अध्यापकांना यशोगाथा हा प्रकार चांगला परिचित आहे. नायिका गरिबीतून वर येते, अडथळे ओलांडते, टाळ्या मिळतात. या गाथेचा दोष असा की तीत योगायोग आणि रचना दोन्ही लपतात. कोणत्या मामाने फी भरली, कोणत्या शिक्षिकेने अर्जाची तारीख सांगितली, हे गाळले जाते आणि सगळे श्रेय जिद्दीच्या खात्यावर जमा होते. ऐकणाऱ्या मुलीला मग वाटते की आपण मागे राहिलो ते जिद्द कमी पडली म्हणून. स्वयंसेविकांनी आपली कहाणी जरूर सांगावी. पण गाळलेल्या तपशिलांसह सांगावी.

'करिअर' या शब्दाची व्याप्तीही तपासली पाहिजे. डॉक्टर, वकील, अभियंता या तीन पायऱ्यांपलीकडे तो शब्द सहसा जात नाही. इदा येथे १९७०च्या दशकापासून केंद्रीय तंत्रनिकेतन आहे. अंक्पा येथे शिक्षणशास्त्र महाविद्यालय आहे. अन्यिग्बा येथे १९९९ साली स्थापन झालेले राज्य विद्यापीठ आहे. घरापासून एका दिवसाच्या प्रवासात असलेल्या या संस्थांतून काय शिकता येते, हे मुलीला दूरच्या अबुजाच्या स्वप्नाआधी कळायला हवे. आणि शेतीकडे तर 'शिकूनही शेतीच?' अशाच नजरेने पाहिले जाते. कोगी हे नायजेरियातील काजूच्या प्रमुख राज्यांपैकी एक आहे. हंगामात इगाला मुलुखातील बायका-मुली झाडाखाली पडलेल्या बिया वेचतात. त्या बिया बहुतांशी कच्च्याच देशाबाहेर जातात. व्हिएतनाम आणि भारत हे त्यांचे मोठे गिऱ्हाईक. आपल्याकडे पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेले हे झाड कोकण-गोव्यात रुजले, त्यावर कारखाने उभे राहिले, आणि आफ्रिकेतून आलेली काजूबी भारतातल्या कारखान्यांत फोडली जाऊ लागली. म्हणजे अन्यिग्बाजवळ एखाद्या मुलीने वेचलेली बी भारतातल्या एखाद्या बाईच्या हाताखालून जाणे सहज शक्य आहे. त्या मुलीला बी वेचणे ठाऊक असते. प्रतवारी, अन्नतंत्रज्ञान, निर्यातीची कागदपत्रे, सहकारी संस्थेचा हिशेब हीदेखील शिकून करायची कामे आहेत, हे तिला कोणी सांगत नाही. मार्गदर्शन खरे असेल तर त्याची सुरुवात मुलीच्या हातातल्या बीपासून झाली पाहिजे.

आता भाषेचा प्रश्न, जो आम्हां भाषेच्या अध्यापकांना सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नायजेरियात १९७३ पासून पदवीधरांसाठी एक वर्षाची राष्ट्रीय युवक सेवा सक्तीची आहे. त्यातले अनेक तरुण-तरुणी ग्रामीण शाळांत शिकवतात. मात्र त्यांना आपल्या मुलुखाबाहेरच पाठवावे असा त्या योजनेचा हेतू असल्याने इगाला गावात येणाऱ्या त्या तरुण शिक्षकाला बहुधा इगाला येत नाही. वर्गात इंग्रजी चालून जाते. पण मुलीच्या शिक्षणाचा निर्णय वर्गात होत नाही. तो घरी होतो. तेथे बाजारात पाम तेल विकणारी आई असते, वडील असतात, काका असतो, कधी आजी असते. त्यांच्याशी इगालातच बोलावे लागते, वयाचा आणि नात्याचा मान राखूनच बोलावे लागते. गावची लेक म्हणून परतलेली स्वयंसेविका हे करू शकते. बाहेरून आलेला कोणताही कार्यक्रम, कितीही पैसा असला तरी, करू शकत नाही. शासनाचे धोरण मात्र दुसऱ्या दिशेने गेले. प्राथमिक वर्गांत मातृभाषेतून शिकवण्याचे धोरण २०२२ साली संघराज्याने स्वीकारले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ते रद्द करून इंग्रजी माध्यम सर्व स्तरांवर आणल्याचे जाहीर केले. शाळेतून इगाला जितकी बाहेर जाईल, तितकी शाळा आणि घर यांमधली दुभाषी स्त्री अधिक आवश्यक होईल.

येथे एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. शहरात राहणाऱ्या, पदव्या मिळवलेल्या स्त्रिया सुटीत गावी येऊन उपदेश करतात. रोजच्या कष्टांचे त्यांना काय कळणार? आक्षेपात तथ्य आहे. २०१२ आणि २०२२ या दोन्ही वर्षी नायजरच्या पुराने इबाजीचा बहुतेक प्रदेश पाण्याखाली गेला. शेते, घरे, शाळा सारेच बुडाले. अशा वर्षी मुलीची शाळा सुटते ती आईवडिलांच्या अज्ञानाने नव्हे, घर वाहून गेल्याने. तेथे 'शिक्षणाचे महत्त्व' सांगणे क्रूरपणाचे ठरेल. पण म्हणून काम निरर्थक ठरत नाही. त्याचा क्रम बदलतो. आधी बुडालेली कागदपत्रे पुन्हा मिळवून द्यायची, परीक्षेचे नाव टिकवायचे, मग पुढचे बोलायचे. वर्षातून एकदा भाषण करण्यापेक्षा वर्षभर दोन मुलींची फिकीर वाहणे अधिक उपयोगाचे, हे या क्षेत्रातले साधे शहाणपण आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शाळांत समुपदेशक असावेत हे नायजेरियाच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात दशकानुदशके लिहिलेले आहे. ते पद रिकामे ठेवून, किंवा दुसरेच विषय शिकवणाऱ्या शिक्षकाकडे सोपवून, त्या जागी स्त्रियांची विनामोबदला सेवा वापरली जात असेल, तर आपण कशाचे कौतुक करीत आहोत? जागतिक बँकेच्या साहाय्याने किशोरवयीन मुलींच्या माध्यमिक शिक्षणासाठी २०२० मध्ये सुरू झालेला प्रकल्प २०२३ मध्ये वाढवण्यात आला आणि कोगी राज्याचाही त्यात समावेश झाला. म्हणजे पैसा अजिबातच नाही असे नाही. अशा वेळी स्वयंसेविकांची निष्ठा हे शासनाच्या अनास्थेवरचे पांघरूण होता कामा नये.

आणि येथेच इनिक्पी पुन्हा आडवी येते. समाजावर संकट आले की स्त्रीने आपण होऊन स्वतःला अर्पण करावे, आणि मग तिचा पुतळा उभारावा, हा कथेचा साचा फार जुना आहे. स्वयंसेवेचा गौरव त्याच साच्यात ओतला की दोन गोष्टी घडतात. काम करणाऱ्या बाईला थकण्याचा, मोबदला मागण्याचा, नाही म्हणण्याचा अधिकार उरत नाही. आणि तिच्याकडे पाहणाऱ्या मुलीला न बोलता धडा मिळतो की शिकून मोठे झाल्यावरही बाईचे अंतिम कर्तव्य देणे हेच. ज्या मुलीला निवड करायला शिकवायचे आहे, तिच्यासमोर निवड नसलेली थोरवी ठेवणे हा विसंवाद आहे. इनिक्पीविषयी इगालांना असलेला आदर कमी व्हावा असे आम्हांला मुळीच म्हणायचे नाही. राज्य वाचवण्यासाठी पुन्हा एखादी मुलगी लागू नये, हाच त्या आदराचा खरा अर्थ असावा.

मराठी वाचकाला या ठिकाणी सावित्रीबाई फुले आठवणे स्वाभाविक आहे. पण घाईने साम्य जोडू नये. पुण्यात १८४८ साली प्रश्न होता तो मुलींना शाळेचे दार उघडण्याचा. इगाला मुलुखात आज दार उघडे आहे. मुली आत येतात, काही वर्षे बसतात, आणि पुढच्या दाराची माहिती नसल्याने परत फिरतात. पहिल्या लढ्याला धैर्य हवे होते. या दुसऱ्या कामाला धैर्याबरोबर चिकाटी, तारखांचे भान आणि कागद सांभाळण्याची शिस्त हवी आहे. त्यावर नाटक लिहिता येणार नाही, चित्रपट निघणार नाही. साहित्याला बलिदानाची ओढ असते आणि अर्ज भरून देणाऱ्या बाईत त्याला नाट्य दिसत नाही. हा उणेपणा साहित्याचा आहे, त्या बाईचा नव्हे.

म्हणून या स्त्रियांच्या कामाचे मोजमाप कसे करावे, याविषयी आमचे म्हणणे थोडक्यात असे. किती शाळांत भाषणे झाली, किती वह्या वाटल्या, हे मोजू नये. किती मुलींनी पंधराव्या वर्षी विषय समजून-उमजून निवडले, किती जणींचा अर्ज मुदतीत गेला, किती जणी तंत्रनिकेतनात वा महाविद्यालयात दुसऱ्या वर्षापर्यंत टिकल्या, आणि किती शाळांत अखेर पगारी समुपदेशिका आली, हे मोजावे. ज्या दिवशी एखाद्या शाळेला स्वयंसेविकेची गरज उरणार नाही, त्या दिवशी तिचे काम यशस्वी झाले असे समजावे. तिचा पुतळा उभारला गेला नाही तरी चालेल.